फिरायला निघताना किती लांब?

म्हसावद हे नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याहून धडगावकडे जाताना सातपुड्याचा चढ लागण्याआधीचे मोठे गाव. पहाटे साडेपाचला इथल्या रस्त्यावर दोन तऱ्हांची माणसे चालताना दिसतात. काही फिरायला निघालेली असतात: शिक्षक, दुकानदार, निवृत्त कर्मचारी, साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी घराबाहेर काढलेले शेतकरी. काही कुठेतरी निघालेली असतात: निंदणीला, ऊसतोडीला, दवाखान्यात, एसटीच्या थांब्यावर. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात, करोनाची टाळेबंदी आली तेव्हा, फिरणारी माणसे या रस्त्यावरून एका दिवसात नाहीशी झाली. कामाला जाणारी मात्र पुरती कधीच नाहीशी झाली नाहीत.

साथीच्या दिवसांत चालताना दुसऱ्यापासून किती लांब राहावे, यावर या काही वर्षांत जगभर भरपूर लिहिले गेले. त्यातले बहुतेक लेखन फिरणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून झाले आहे. तो वाद आज कुठवर आला आहे, कोण काय म्हणत होते आणि काय अजून सुटलेले नाही, ते इथे मांडतो. मी स्वतः फिरणाऱ्यांपैकी आहे, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

गाव सोडण्यापासून गावबंदीपर्यंत

आपल्याकडे साथ आणि अंतर यांची गाठ जुनी आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. पुण्यात घरझडत्या आणि सक्तीची विलगीकरण छावणी यांनी लोक संतापले आणि २२ जून १८९७ च्या रात्री ब्रिटिश अधिकारी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. हा इतिहास आपण शाळेत शिकतो. त्याच साथीत खेड्यापाड्यांनी जे केले, ते मात्र पाठ्यपुस्तकात फारसे येत नाही. घरात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडत आणि शेतात, माळावर खोपटी बांधून राहत. ‘प्लेगात गाव बाहेर पडला होता’ हे वाक्य जुन्या माणसांच्या तोंडी कालपरवापर्यंत होते.

यातली एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. गाठीचा प्लेग पसरतो उंदरावरच्या पिसवेमुळे. म्हणजे माळावर गेलेल्या माणसाने अंतर ठेवले ते घरापासून आणि उंदरापासून. शेजाऱ्यापासून नव्हे. खोपटी एकमेकांना लागूनच असत. उपाय लागू पडला, पण त्यामागचे कारण लोक समजत होते त्यापेक्षा वेगळे होते. अंतराच्या नियमांबाबत पुढेही असे झालेले दिसते.

१९१८ च्या इन्फ्लुएंझात चित्र बदलले. तो श्वासावाटे पसरणारा रोग होता आणि हिंदुस्थानात त्याने घेतलेल्या बळींचे अंदाज सव्वा कोटीच्या आसपासपासून दोन कोटींपर्यंत जातात. त्या काळी बोस्टनजवळ रुग्णांना तंबूंत, उघड्या हवेत ठेवण्याचा प्रयोग झाला. बंद खोलीपेक्षा मोकळी हवा बरी, हे शहाणपण तेव्हा वैद्यकात होते. पुढे प्रतिजैविके आली, वातानुकूलित इस्पितळे आली, आणि हवेचा विषय मागे पडला.

एकशे दोन वर्षांनी, मार्च–एप्रिल २०२० मध्ये, महाराष्ट्रातल्या गावांनी प्लेगाच्या उलट केले. गाव बाहेर पडला नाही, गावाने स्वतःला आत कोंडून घेतले. वेशीवर बाभळीच्या काट्या, आडवी लाकडे, बैलगाडीचे जू टाकून रस्ते अडवले गेले. ‘गावबंदी’ हा शब्द सरकारी आदेशात नव्हता, तरी अंमल त्याचाच होता. एप्रिलच्या मध्यापर्यंत नंदुरबार जिल्ह्यात एकही रुग्ण नोंदला गेला नव्हता. भीती मात्र रुग्णाच्या कितीतरी आधी येऊन पोहोचली होती.

सहा फूट आले कुठून

‘दो गज की दूरी’ ही घोषणा एप्रिल २०२० मध्ये पंतप्रधानांच्या भाषणांतून घरोघरी गेली. दोन गज म्हणजे सहा फूट. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सहा फूट सांगितले, ब्रिटनने दोन मीटर, जर्मनीने दीड मीटर, आणि जागतिक आरोग्य संघटनेने किमान एक मीटर. विषाणू एकच होता. देश बदलला की फूटपट्टी बदलत होती. ब्रिटनने तर ४ जुलै २०२० पासून इंग्लंडमध्ये ‘एक मीटर आणि जोडीला इतर काळजी’ असा पर्याय दिला.

या आकड्यांचे मूळ शोधत गेले की आपण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोहोचतो. जर्मनीत कार्ल फ्ल्यूगे यांनी बोलताना-खोकताना उडणाऱ्या थेंबांतून जंतू जातात हे दाखवले. १९३४ मध्ये विल्यम वेल्स यांनी त्याला गणित दिले. मोठा थेंब वाळण्याआधी जमिनीवर पडतो, लहान थेंब पडण्याआधी वाळतो आणि त्याचा गाभा हवेत तरंगत राहतो. मोठे थेंब साधारण दोन मीटरच्या आत खाली येतात, हे तिथून निघाले. वेल्स यांच्या मांडणीत ही सीमारेषा सुमारे १०० मायक्रॉनची होती. पुढच्या काळात वैद्यकाच्या पुस्तकांत तिच्या जागी ५ मायक्रॉन हा आकडा कसा घुसला, याचा माग केटी रँडल, लिन्सी मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये काढला. ५ मायक्रॉन हा क्षयाच्या अभ्यासातला आकडा. इतका बारीक कण फुप्फुसात खोलवर पोहोचतो, एवढाच त्याचा अर्थ. ‘यापेक्षा मोठा कण हवेत तरंगत नाही’ असे त्यात कुठेच नव्हते. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे एका ओळीत मिसळली आणि कित्येक दशके तशीच शिकवली गेली.

अंतराच्या बाजूने २०२० मध्ये सर्वांत जास्त उद्धृत झाला तो ‘लॅन्सेट’मधला जूनचा आढावा. १६ देशांतल्या १७२ निरीक्षणात्मक अभ्यासांवर तो आधारलेला होता. एक मीटर किंवा त्याहून जास्त अंतर ठेवल्यास संसर्गाची शक्यता बरीच घटते आणि अंतर वाढवल्यास आणखी घटते, असा त्याचा निष्कर्ष. पण त्यातली बरीच माहिती सार्स आणि मर्स या आधीच्या साथींची, आणि मुख्यतः इस्पितळांतली व घरांतली होती. त्यातून थेट म्हसावदच्या रस्त्यावरचा नियम काढणे म्हणजे विहिरीचे पाणी मोजून नदीची खोली सांगण्यासारखे आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिडिया बुरुइबा, ट्रिश ग्रीनहाल्घ आदींनी ‘एक की दोन मीटर’ हा प्रश्नच अपुरा असल्याचे मांडले. जागा बंद की उघडी, माणसे गप्प की बोलणारी, सहवास मिनिटाचा की तासाचा, गर्दी किती, हे सगळे धरून जोखीम ठरवावी, असे त्यांचे म्हणणे. २०२४ मध्ये अमेरिकी संसदीय समितीपुढच्या डॉ. अँथनी फाऊची यांच्या साक्षीचे कागद खुले झाले, तेव्हा सहा फुटांचा नियम जणू आपसूकच अवतरला अशा आशयाचे त्यांचे उत्तर गाजले. त्यावरून ‘सगळेच खोटे होते’ असा अर्थ काढणारे निघाले. तसा तो निघत नाही. आकडा गोल होता, दिशा चुकीची नव्हती.

नियमांची ये-जा

महाराष्ट्रातल्या फिरणाऱ्यांनी दोन वर्षांत जे अनुभवले, ते क्रमाने लिहिले तर आज हसू येते. १३ मार्च २०२० ला राज्याने १८९७ चाच कायदा लागू केला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. फिरायला जाणे अत्यावश्यक कामांत बसत नव्हते. पुण्यात पहाटे फिरायला निघालेल्या मंडळींना पोलिसांनी रस्त्यावरच व्यायाम करायला लावल्याच्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या गेल्या. ‘पुनश्च हरिओम’ म्हणत ३ जूनपासून पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत मैदाने, बागा, समुद्रकिनारे इथे एकट्याने चालणे, धावणे, सायकल चालवणे खुले झाले. घोळक्याने नाही, आणि घराजवळच. जूनअखेर मुंबई पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जाऊ नका असे सांगितले.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा दार बंद झाले. जूनमध्ये जिल्ह्यांचे पाच स्तर ठरले. तिसऱ्या स्तरात रोज पहाटे ५ ते ९ फिरायला मुभा, चौथ्यात तीच वेळ पण शनिवार-रविवार वगळून. या वेळमर्यादेचा एक उलटा परिणाम तेव्हाच अनेकांच्या ध्यानात आला होता. दिवसभर विखुरणारी माणसे चार तासांत दाटीने रस्त्यावर आली. बागांची फाटके उघडायच्या वेळी बाहेर रांगा लागल्या. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातले सगळे निर्बंध संपले.

बाहेरचे देश याहून सुसंगत वागले असे नाही. स्पेनमध्ये मोठ्या माणसांना व्यायामासाठी बाहेर पडायला २ मे २०२० पर्यंत थांबावे लागले. फ्रान्समध्ये घरापासून एक किलोमीटर आणि एक तास. पॅरिसने तर दिवसा धावण्यावर बंदी घातली. इंग्लंडमध्ये दिवसातून एकदा बाहेर जायला परवानगी होती, तरी डर्बीशायरच्या पोलिसांनी डोंगरात फिरणाऱ्यांवर ड्रोन सोडला आणि त्यावरून गदारोळ झाला.

उघड्या हवेचा पुरावा

वादाचा गाभा इथे आहे. म्हणून जरा थांबून पाहू.

एप्रिल २०२० मध्ये नेदरलँड्स-बेल्जियममधले अभियंते बर्ट ब्लोकेन यांनी संगणकावर चालणाऱ्या-धावणाऱ्या माणसामागची हवा रेखाटली. वारा पडलेला असेल तर ताशी ४ किलोमीटरने चालणाऱ्याच्या अगदी मागे राहणाऱ्याने ५ मीटर आणि ताशी १४.४ किलोमीटरने धावणाऱ्याच्या मागे १० मीटर अंतर ठेवावे, असा त्यांचा निष्कर्ष. शेजारून किंवा तिरके चालणे त्यांच्या मते एकामागे एक चालण्यापेक्षा बरे. रंगीत थेंबांचा ढग मागच्या माणसाच्या तोंडावर येतानाचे ते चित्र व्हॉट्सअॅपवर आपल्याकडेही फिरले. समीक्षेआधीच निष्कर्ष जाहीर केल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. शिवाय थेंब पोहोचला म्हणजे लागण झाली असे नव्हे, हा साथरोगतज्ज्ञांचा आक्षेप होता. ब्लोकेन यांनीही आपण हवेचे गणित मांडले, रोगाचे नव्हे, असेच सांगितले होते.

त्याच महिन्यात चीनमधल्या ३१८ उद्रेकांचा अभ्यास पुढे आला. त्यात उघड्यावर लागण झाल्याचे एकच प्रकरण होते, आणि तेही दोघांचे. नंतरच्या एका पद्धतशीर आढाव्यात उघड्यावरच्या संसर्गाचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी आणि बंद जागेतला धोका उघड्या जागेच्या सुमारे १९ पट असल्याचे दिसले. जुलै २०२० मध्ये लिडिया मोराव्स्का आणि डोनाल्ड मिल्टन यांच्या निवेदनाला २३९ शास्त्रज्ञांचा पाठिंबा होता. विषाणू हवेतून पसरतो हे मान्य करा, अशी त्यांची मागणी. जागतिक आरोग्य संघटनेला ते स्पष्ट शब्दांत लिहायला २०२१ उजाडले. हवेतून पसरतो म्हटले की सामान्य माणसाला वाटते, मग बाहेर जाणे तर फारच धोक्याचे! प्रत्यक्षात अर्थ उलटा निघतो. धुरासारखा पसरणारा कण बंद खोलीत साठतो आणि उघड्यावर विरतो. ऊन त्याला आणखी मारते. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम उन्हात हवेतल्या कणांमधला नव्वद टक्के विषाणू उन्हाळ्यासारख्या प्रकाशात सुमारे आठ मिनिटांत आणि हिवाळ्यासारख्या प्रकाशात एकोणीस मिनिटांत निष्क्रिय झाला. आपल्या खानदेशी वैशाखाचे ऊन कुणी तिथे मोजले नाही, पण अंदाज बांधायला हरकत नाही.

आता रस्त्यावरचे साधे गणित. दोन माणसे समोरासमोरून येत आहेत. दोघांचाही वेग ताशी ५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.३९ मीटर. एकमेकांच्या दिशेने त्यांचा एकत्रित वेग सेकंदाला २.७८ मीटर. दोन मीटरच्या वर्तुळात शिरून बाहेर पडायला, म्हणजे एकूण चार मीटर ओलांडायला, त्यांना दीड सेकंदही लागत नाही. एवढ्यात धड एक श्वास पुरा होत नाही. आता दोन मित्र शेजारून, गप्पा मारत, चाळीस मिनिटे चालले तर त्यांचा सहवास २,४०० सेकंदांचा. म्हणजे समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या सोळाशे पटींहून जास्त. गंमत अशी की समोरून कुणी आले की आपण तोंड फिरवून रस्त्याच्या कडेला जात होतो, आणि मित्राशी मात्र मास्क हनुवटीवर घेऊन राजकारण बोलत होतो. आमच्या चौघांच्या टोळीने हे महिनोन्‌महिने केले. एकाने तर रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालायचा पण केला होता. पण इकडचे बोलणे ऐकू येईना, म्हणून तिसऱ्या दिवशी तोच मधे आला.

या बाजूच्या पुराव्यावरचे आक्षेप मात्र हलके घेण्यासारखे नाहीत. घरात, कार्यालयात झालेली लागण शोधता येते, कारण तिथल्या माणसांची नावे माहीत असतात. रस्त्यावर शेजारून गेलेल्याचे नाव कुणाला ठाऊक? उघड्यावरचा संसर्ग कमी सापडतो तो कमी होतो म्हणून, की शोधणे कठीण म्हणून, हा प्रश्न रास्त आहे. दुसरे म्हणजे विषाणू बदलत गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये चीनच्या चोंगछिंग शहरातल्या एका बागेत तळ्याभोवती सुमारे ३५ मिनिटे मास्कशिवाय धावलेल्या एका माणसापासून तीसहून अधिक जणांना लागण झाल्याचा अहवाल तिथल्या आरोग्य यंत्रणेने दिला. ओमिक्रॉनच्या काळातली ही गोष्ट. इतर ठिकाणी झालेली लागण यात नीट वगळली गेली का, अशी शंका बाहेरच्या तज्ज्ञांनी घेतली. तरीही ‘उघड्यावर काहीच होत नाही’ म्हणणाऱ्यांना हे प्रकरण बाजूला सारता येत नाही.

मधली भूमिका घेणारे म्हणतात: उघड्यावर धोका कमी, पण शून्य नाही. म्हणून चालताना अंतर फुटांत मोजण्यापेक्षा सहवास मिनिटांत मोजा आणि गर्दी टाळा. मला स्वतःला हीच भूमिका पुराव्याच्या सर्वांत जवळची वाटते.

साधा नियम की खरा नियम

प्रशासनाची बाजू यातून बाद होत नाही. लाखो माणसांना एकाच वेळी सांगायचा नियम पाठ होण्याजोगा हवा. ‘वारा, ऊन, वेळ, बोलण्याचा आवाज पाहून ठरवा’ असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे, हा त्यांचा युक्तिवाद. किराणा दुकानासमोर फक्कीने आखलेले गोल आठवतात? म्हसावदला, शहाद्याला, सगळीकडे ते होते. तो गोल कुणाला समजावून सांगावा लागला नाही. निरक्षर म्हातारीही त्यात जाऊन उभी राहिली आणि तिने आपली पिशवी पुढच्या गोलात ठेवून मागच्याला जागा धरली. दुसरा युक्तिवाद असा की बागेत एकाला सोडले तर शंभर येतात, आणि पोलिसाला एकटा आणि घोळका यांत भेद करत बसायला वेळ नसतो.

याला उत्तर देणारे सांगतात की चालणे बंद करण्याचीही किंमत असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख आहे. या माणसांसाठी रोजचे चालणे हा औषधाचाच भाग. दोन-तीन महिने घरात बसवल्याने त्यांच्यापैकी किती जणांची साखर बिघडली, हे रुग्णसंख्येच्या रोजच्या तक्त्यात कधीच आले नाही. आणि चुकीच्या जागी कडक असलेला नियम लोकांचा विश्वास खर्च करतो, हा त्यांचा आणखी एक मुद्दा. मोकळ्या माळावर एकट्याला दंड केला आणि लग्नाचा मंडप भरू दिला, तर पुढच्या वेळी कुणी ऐकणार नाही. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य सचिवांनी एकट्याने गाडी किंवा सायकल चालवणाऱ्याला मास्कची सूचना नसल्याचे सांगितले, तोपर्यंत अनेकांचे दंड भरून झाले होते.

शब्दावरचा वाद

मराठीत या वादाला एक पदर आहे, जो इंग्रजीत तितका बोचत नाही. सुरुवातीला ‘सामाजिक अंतर’ हा शब्द सर्रास छापला गेला. ज्या समाजात सावली पडू नये म्हणून माणसाला लांब चालायला लावले गेले, जिथे पाणवठ्याला हात लावायला सत्याग्रह करावा लागला, तिथे ‘सामाजिक अंतर पाळा’ हे सरकारी फलकावर वाचताना अनेकांच्या पोटात गोळा आला. ‘शारीरिक अंतर’ म्हणा, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने केली ती २० मार्च २०२० ला. तारखेचा योगायोग असा की महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळ भरली तोही २० मार्च, १९२७ चा. पुढे ‘सुरक्षित अंतर’ हा शब्द रुळला आणि तो बरा आहे. काही जणांना हा शब्दांचा कीस वाटला. पण गावात बाहेरून आलेल्या मजुराला, आणि बरा होऊन आलेल्या रुग्णाच्या घराला, चौदा दिवसांनंतरही किती फुटांवर ठेवले गेले हे ज्यांनी पाहिले, ते असे म्हणणार नाहीत.

रस्त्याची रुंदी

नियम पाळायला जागा लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मानकानुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या पदपथावरही समोरासमोरून येणाऱ्या दोघांना सहा फूट राखता येत नाहीत, आणि असा पदपथ आपल्याकडे शोधावाच लागतो. खेड्यात पदपथच नाही. पंतप्रधान ग्रामसडकेच्या डांबराची रुंदी साधारण पावणेचार मीटर. दोन कडांनी दोघे चालले तर अंतर छान राहते. पण उसाची ट्रॉली आली की सगळे साइडपट्टीवर, एकमेकांच्या खांद्याला खांदा. शहरांत गल्ल्या वाहनांना बंद करून चालणाऱ्यांना देण्याचे प्रयोग जगात बऱ्याच ठिकाणी झाले. आपल्याकडे चर्चा झाली ती माणसाने किती सरकावे याची. रस्त्याने किती सरकावे, हे कुणी विचारले नाही.

म्हसावदच्या वर, डोंगरात, प्रश्नाचे रूपच निराळे. भिल्ल-पावरा वस्ती एकगठ्ठा नसते. प्रत्येक घर आपापल्या शेतात, दुसऱ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि एक गाव कित्येक पाड्यांत विखुरलेले. तिथे घरांमधले अंतर कुणाला शिकवावे लागले नाही. पण चालणे पायवाटेने, आणि पायवाट एका माणसाची. सगळे एकामागे एक. ब्लोकेन यांच्या चित्राप्रमाणे हीच रचना सर्वांत वाईट. साथरोगाच्या आकड्यांप्रमाणे ती तशी चांगली, कारण तोंडे एकमेकांकडे नसतात आणि डोंगरावर वारा असतो. त्याच माणसांना खरा धोका होता तो जीपमध्ये. पायवाट संपून डांबर लागले की टपापर्यंत भरलेली जीप. आठवडे बाजार बंद ठेवले गेले, पण बाजार उघडा असतो आणि जीप बंद, हा फरक आदेशांत फारसा दिसला नाही.

महाराष्ट्राच्या चालण्याचा विचार करताना आणखी दोन वाटा विसरता येत नाहीत. पंढरीची वारी २०२० आणि २०२१ मध्ये पायी निघाली नाही, पादुका एसटीने गेल्या. वारीत फुटाचे अंतर ही कल्पनाच बसत नाही, आणि लाखोंच्या मुक्कामाची जोखीम वेगळीच, हे वारकरी संस्थांनीही समजून घेतले. तरी शेकडो किलोमीटर उघड्यावर चालणाऱ्या मोजक्या माणसांना का नको, असा प्रश्न २०२१ मध्ये काहींनी विचारला होता. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगगडावर पायी जाणाऱ्यांचेही तेच झाले. दुसरी वाट मजुरांची. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळकडे, गाडी मिळेल या आशेने, ते चालत निघाले होते. रस्त्यावर अडवतील म्हणून रूळ धरलेला. गुजरातेत ऊसतोडीला आणि बांधकामावर गेलेली आपल्या जिल्ह्यातली माणसेही अशीच पायपीट करत परतली. सुरक्षित अंतराच्या मार्गदर्शक सूचनांत चालणारा माणूस म्हणजे बूट घातलेला, पाणी घेतलेला, तासाभराने घरी परतणारा माणूस.

काय सुटलेले नाही

बंद जागेपेक्षा उघड्यावर चालणे कितीतरी सुरक्षित, याबद्दल आता मतभेद जवळपास उरलेला नाही. उरले आहे ते वेगळे. उघड्यावर नेमका किती वेळ, किती जवळ, किती गर्दीत धोका सुरू होतो, याचा आकडा नाही. तो मिळण्याची शक्यताही कमी, कारण माणसांना मुद्दाम आजारी माणसाशेजारून चालायला लावणारा प्रयोग कुणी करू देणार नाही. दाट रस्ते, बसथांबे, टिनाच्या शेडखालचा बाजार यांना उघडे म्हणायचे की बंद, हेही ठरलेले नाही. पुढचा रोगजंतू याच्यासारखाच वागेल, हे गृहीत धरता येत नाही. गोवर उघड्यावर वेगळा वागतो, कॉलरा तर हवेतून जातच नाही. आणि नियम सोपा ठेवायचा की खरा, हा प्रश्न विज्ञानाचा नाही. तो प्रत्येक वेळी नव्याने सोडवावा लागेल.

साथीत नंदुरबार जिल्ह्याचे नाव देशभर झाले ते तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या काळात वेळेआधी उभ्या राहिलेल्या ऑक्सिजन प्रकल्पांमुळे. तिथे आधीच्या अनुभवावरून पुढची तजवीज झाली होती. चालण्याच्या बाबतीत अशी तजवीज कुठे झालेली दिसत नाही. पदपथ तसेच आहेत, साइडपट्टी तीच आहे. किराणा दुकानासमोरचा फक्कीचा गोल पहिल्या पावसातच गेला होता. आमची टोळी पुन्हा चौघे शेजारी शेजारी, पूर्ण डांबर अडवून चालते. मागून ट्रॉलीचा हॉर्न वाजला की एका ओळीत येतो, ती पुढे गेली की पुन्हा पसरतो.